शेवाळाची ‘मुळं’ कौलं फोडत नाहीत

‘शेवाळाची मुळं कौलात शिरतात आणि कौल तडकतं, म्हणून जोराच्या पाण्याने ती उपटून काढा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. यातलं निदान चूक आणि उपाय त्याहून वाईट.

छपरावर मखमलीसारख्या गाद्या धरणाऱ्या त्या शेवाळाला (इंग्रजीत मॉस) खरी मुळं नसतातच. असतात ते मूलाभ, म्हणजे पृष्ठभागाला धरून ठेवणारे केसाएवढे बारीक धागे. पाणी हे शेवाळ मुख्यतः पानांतूनच शोषतं. गादी उचलून पाहा, खाली धूळ आणि कुजलेला पालापाचोळा दिसेल.

म्हणजे शेवाळ निरुपद्रवी का? तसंही नाही. ते स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. कौल सतत ओलं राहतं, थंड प्रदेशात मुरलेलं पाणी गोठून फुगतं आणि मग कौल तडकतं. शिवाय सुटलेले गोळे पन्हळीत अडकतात ते वेगळंच.

जोराचं पाणी मारणाऱ्या यंत्राने, म्हणजे प्रेशर वॉशरने, छप्पर चकचकीत दिसतं खरं, पण कौलाचा वरचा थर खरवडला जातो, डांबरी शिंगल्सवरचे, म्हणजे कौलांऐवजी बसवतात त्या पातळ तुकड्यांवरचे, दाणे निघून जातात आणि खालून मारलेला फवारा थेट कौलांच्या सांध्यांत घुसतो. खडबडीत झालेल्या कौलावर नवं शेवाळ आणखी लवकर धरतं!

कोरड्या दिवशी, आढ्याकडून वळचणीकडे, मऊ ब्रशने काढा. छपरावर झुकलेल्या फांद्या छाटा. ऊन लागलं की निम्मं काम होतं. आढ्याजवळ तांब्याची किंवा जस्ताची पट्टी बसवली, तर पावसात विरघळणारे धातूचे कण खालच्या भागात शेवाळ धरू देत नाहीत. ओल्या छपरावर मात्र चढू नका.