सहा महिन्यांची अट आणि मुदतबाह्य ठरणारे अपघात दावे

रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्याचा भरपाईचा दावा केवळ उशिरा आला म्हणून फेटाळावा का, हा वाद १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा पेटला. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती त्या दिवशी अमलात आली आणि अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करण्याची अट परतली.

मुदतीची अट तशी जुनी. १९५६ साली दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली तेव्हा मुदत साठ दिवसांची होती, पुढे ती सहा महिने झाली. पुरेसे कारण दाखवले तर विलंब माफ होई. १९८८ च्या कायद्याने या माफीलाच मर्यादा घातली: अपघाताला बारा महिने उलटले की कारण कितीही खरे असो, दावा बाद.

मग आली १९९४ ची दुरुस्ती. माझ्या मते या कायद्याने उचललेले सर्वात न्याय्य पाऊल तेच. १४ नोव्हेंबर १९९४ पासून मुदतीचे पोटकलमच वगळले गेले. पण आधीच मुदतबाह्य ठरलेल्यांचे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने सांगितले की ज्यांचा दावा किंवा त्यावरचे अपील कुठेही प्रलंबित आहे, त्यांनाही या बदलाचा लाभ मिळेल. त्यामागचे कारण आजही वाचण्यासारखे आहे. कर्ता माणूस गेल्यावर कुटुंब रस्त्यावर येते, वाचलेला महिनोन्‌महिने इस्पितळात असतो, आणि बहुतेकांना मुदत असते हेच ठाऊक नसते.

विमा कंपन्यांची तक्रारही खोटी नाही. उशिराच्या दाव्यात भलतेच वाहन गुंतवणे, साक्षीदार उभे करणे सोपे जाते आणि पडताळणीला पुरावा उरत नाही. पण त्यावर उपाय कसून तपासणी हा आहे. खऱ्या जखमीला दारातूनच परत पाठवणे नव्हे.

नव्या पोटकलमात विलंब माफीचा शब्दही नाही. त्यामुळे माफी देता येते की नाही, यावर उच्च न्यायालयांची मते विभागली. पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवलेला अपघात अहवालच दावा मानता येतो, ही तरतूद काहींच्या मदतीला आली. जिथे तो अहवाल वेळेत गेलाच नाही, तिथे ती कोरडीच राहिली. मुदतीच्या वैधतेला आव्हान देणाऱ्या याचिका थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांची सुनावणी सुरू असेपर्यंत केवळ या मुदतीवर बोट ठेवून कोणताही दावा फेटाळू नये, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला.