पाडला की पडला?

धावताना पायाला अचानक अडथळा आला की आपले हात काय करतील, हे आपण ठरवत नाही. फुटबॉलमध्ये ताशी २५ किलोमीटर वेगाने कडेने पळणाऱ्या विंगरचा पाय बचावपटूच्या बुटात अडकला की पाय थांबतो, पण धड त्याच वेगाने पुढे जातं. तोल गेल्याची खबर आतल्या कानाकडून, स्नायूंकडून मेंदूला पोचते आणि विचार सुरू व्हायच्या आत हात पुढे येतात. आठ-नऊ महिन्यांच्या बाळातही हे दिसतं. डॉक्टर बाळाला आडवं धरून झपकन खाली झुकवतात आणि ते हात पसरतं का ते पाहतात. त्याला पॅराशूट रिफ्लेक्स म्हणतात. पावसात नागपूरच्या सीताबर्डीला स्कूटरवरून घसरणाऱ्याचं मनगट मोडतं ते याचमुळे. तोंड वाचवायला हात आधी जमिनीवर टेकतात.

आता गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात कोसळणारा स्ट्रायकर आठवा. छाती पुढे, डोकं मागे, दोन्ही हात आभाळाकडे, दोन्ही गुडघे वाकलेले. पोर्ट्समथ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल मॉरिस आणि डेव्हिड लुईस यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या पवित्र्याला ताणलेल्या धनुष्याचं नाव दिलं. खरोखर पडणारं शरीर अशी कमान करत नाही, कारण हात वर गेले की चेहरा उघडा पडतो. ही कमान लांबून, स्टँडच्या शेवटच्या रांगेतूनही दिसावी म्हणून केलेली असते.

मॉरिस-लुईस यांनी आणखी तीन खुणा सांगितल्या. धक्का लागला कधी आणि पडला कधी, यात अंतर आहे का? ज्या दिशेने, ज्या जोराने धक्का लागला, त्याला पडणं शोभतं का? आणि लागलं कुठे, धरलं काय? २००२च्या विश्वचषकात तुर्कस्तानच्या खेळाडूने मारलेला चेंडू ब्राझीलच्या रिवाल्डोच्या पायाला लागला आणि तो चेहरा धरून खाली पडला. समोरच्याला लाल कार्ड मिळालं. नंतर रिवाल्डोला दंड झाला, पण कार्ड काही परत गेलं नाही.

एवढ्या खुणा माहीत असताना रेफ्री फसतो कसा? कारण या खुणा एका बाजूने, सलग आणि निवांत पाहायला मिळाल्या तरच उपयोगाच्या. रेफ्रीला पळता पळता, चार-पाच जणांच्या आडून, एकदाच पाहायला मिळतं. डाइव्ह मारणाऱ्याला, म्हणजे मुद्दाम पडणाऱ्याला, हे पक्कं ठाऊक असतं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या जीवशास्त्रज्ञांनी हाच धागा धरला. त्यांना फुटबॉलपेक्षा फसवणुकीत रस होता. आपल्याकडे विजेच्या तारेवर बसणारा कोतवाल पक्षी सगळ्यांनी पाहिलेला असतो. आफ्रिकेतला त्याचा एक चुलतभाऊ शत्रू आल्याची खोटी हाक देतो, मीरकॅट हे मुंगसाच्या जातीचे छोटे प्राणी अन्न टाकून पळतात आणि हा ते उचलतो. पण रोज तीच हाक दिली तर मीरकॅट ऐकेनासे होतात. म्हणजे खोटं किती चालेल हे खोटं बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर अवलंबून असतं. हेच फुटबॉलला लागू पडतं का, हे तपासायला या गटाने सहा व्यावसायिक लीगमधले ६० सामने पाहिले. २,८०० पडण्यांपैकी १६९ म्हणजे साधारण सहा टक्के उघड डाइव्ह निघाले. ते प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ जास्त होते आणि गुण बरोबरीत असताना जास्त होते. ज्या लीगमध्ये रेफ्री अशा पडण्याला जास्त फ्री किक देत होते, तिथे खेळाडूही जास्त पडत होते. आणि त्या १६९ पैकी एकालाही शिक्षा झालेली नव्हती.

हा शेवटचा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. पेनल्टी मिळाली तर चारांतल्या साधारण तीन वेळा गोल होतो. नाही मिळाली तर कपडे झटकून उठायचं. फुटबॉलच्या नियम १२ नुसार रेफ्रीला फसवण्यासाठी केलेल्या नाटकाला पिवळं कार्ड आहे, १९९९पासून तसं स्पष्ट लिहिलेलंही आहे, पण ते निघत नसेल तर हिशेब एकाच बाजूला झुकतो. ‘आजकालच्या खेळाडूंना लाज नाही’ वगैरे म्हणणं सोपं आहे. हा हिशेब माझ्यापुढे ठेवला असता तर मीही कदाचित पडलो असतो.

कामठीच्या किंवा नागपूरच्या एखाद्या कोरड्या, मुरमाड मैदानावर मार्चमध्ये सामना पाहा. तिथे उगाच कोणी हवेत झेपावत नाही. पडलं की गुडघ्याचं सालटं निघतं, कोपरात खडे रुततात, आणि रेषेवर उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी ओरडतंच, ‘काहून नाटक करून राहिला बे, ऊठ!’ मऊ, पाणी मारलेल्या हिरवळीवर पडणं जवळपास फुकट असतं. हे कोणी मोजलेलं नाही, माझा आपला अंदाज आहे. पण किंमत वाढली की पडणं कमी होणार, हे क्वीन्सलँडच्या निष्कर्षाला धरूनच आहे.

या ओरडण्याचंही शास्त्र आहे. संशोधक ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी ४० प्रशिक्षित रेफ्रींना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातले ४७ टॅकल, म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घेण्याचे प्रयत्न, दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. पाहुण्यांविरुद्धचे फाउल मात्र फारसे बदलले नाहीत. आवाज माणसाला पक्षपाती करतो असं थेट म्हणता येणार नाही. निर्णय कठीण असला की मेंदू मिळेल तो पुरावा घेतो, आणि हजारोंचा ‘ओऽऽ’ हाही त्याला पुरावाच वाटतो.

हुज्जत घालण्याचा उगम मला इथेच दिसतो. रेफ्रीला सहा जणांनी घेरलं म्हणून दिलेली पेनल्टी रद्द होत नाही, हे त्या सहांनाही कळतं. डोळा असतो पुढच्या निर्णयावर. प्लेसनर आणि बेट्श या जर्मन संशोधकांनी २००१ साली दाखवलं, की एका संघाला पेनल्टी दिल्यावर त्याच संघाला दुसरी देताना रेफ्री कचरतात, तर समोरच्या संघाला देण्याकडे झुकतात. निर्णय सुटे राहत नाहीत. मागचा पुढच्याला ओढतो. मग पुढच्यासाठी आत्ताच ओरडून ठेवलेलं बरं, असं खेळाडूला वाटलं तर नवल काय? कधी हे फारच पुढे जातं. मार्च २०२३मध्ये बंगळुरूत सुनील छेत्रीने समोरचा संघ सज्ज व्हायच्या आत झटपट घेतलेल्या फ्री किकवर गोल झाला, आणि केरळ ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच अख्खा संघ घेऊन मैदानाबाहेर गेले. क्लबला चार कोटींचा दंड झाला, प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी आली.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफ्रीचा निर्णय तपासण्याची सोय, आलं की सगळं सुटेल, ही आशा २०१८च्या विश्वचषकापासून आहे. काही सुटलंही. पण संथ गतीत पाहिलं की तोच टॅकल जास्त हेतुपुरस्सर आणि जास्त क्रूर वाटतो. रेफ्रींवरच्या प्रयोगात फाउल आहे की नाही याचा निकाल फारसा बदलला नाही, कार्डं मात्र कडक झाली. म्हणून नियमावलीच सांगते की संथ चित्र फक्त कुठे लागलं, चेंडू हाताला लागला का, एवढ्यापुरतं. जोर किती होता ते मूळ वेगातच पाहायचं.

नागपूरच्या लीगमध्ये व्हीएआर नाही. तिथे कामाला येतील ते स्वस्त उपाय. युरो २०२४मध्ये फक्त कर्णधाराने रेफ्रीशी बोलायचं हा नियम लागू झाला, आणि आता तो कोणत्याही स्पर्धेला वापरता येतो. दुसरा उपाय हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटं बाहेर बसवण्याचा. इंग्लंडमध्ये तळच्या ३१ लीगमध्ये तो करून पाहिला तेव्हा हुज्जत ३८ टक्क्यांनी घटली. पिवळ्या कार्डाचा दंड आठवड्याने भरला जातो, इथे संघ लगेच दहा जणांवर येतो आणि शिव्या स्वतःच्या सोबत्यांकडून मिळतात.

तिसरा उपाय नागपूरकरांना ओळखीचा असेल. २००१ साली विजय बारसे यांनी वस्तीतल्या मुलांसाठी सुरू केलेल्या स्लम सॉकरसारख्या संस्था ‘फुटबॉल ३’ ही पद्धत वापरतात. त्यात रेफ्रीच नसतो. आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात, मग पुन्हा बसून एकमेकांना सचोटीचे गुण देतात. मध्यस्थ असतो, तो शिट्टी मारत नाही. पडून दाखवायचं कोणाला? ज्याच्या अंगावर पडलात, तोच नंतर तुम्हाला गुण देणार असतो. बक्षिसाची मोठी रक्कम लागलेल्या अंतिम सामन्यात हे टिकेल असं मला वाटत नाही. चौदा वर्षांखालच्यांच्या स्पर्धांमध्ये मात्र टिकेल, आणि पडायची सवय लागते ती साधारण त्याच वयात.