‘डेंग्यूसदृश’ म्हणजे नेमकं काय?

पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत डेंग्यूचे दोन आकडे ऐकू येतात. पालिकेच्या यादीत थोडेच रुग्ण आणि खासगी लॅबमध्ये रोज पॉझिटिव्ह. या तफावतीचं मूळ चाचण्यांच्या इतिहासात आहे.

विषाणू 1943-44 मध्ये हाती लागला. पुढची कित्येक वर्षं निदानासाठी रक्त दोनदा घ्यावं लागे, तापात एकदा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. प्रतिपिंडं चौपट वाढली तर डेंग्यू. तोवर रुग्ण एकतर कामावर गेलेला असे, नाहीतर दगावलेला. आयजीएम (लागणीनंतर आधी तयार होणारी प्रतिपिंडं) शोधणारी एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी आल्यावर एका नमुन्यावर भागू लागलं, पण तापाच्या पाचव्या दिवसाआधी तीही बहुधा कोरीच. पहिल्या दिवसापासून रक्तात सापडणाऱ्या, विषाणूच्याच एनएस1 प्रथिनाच्या चाचण्या 2000 नंतर आल्या आणि चित्र पालटलं.

मग आली पट्टी, म्हणजे झटपट चाचणी. कोपरखैरण्यातल्या गाळ्यातली लॅब डोळ्यांसमोर आणा: पट्टीवर नमुन्याचे थेंब, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, ‘सी’ची (पट्टी नीट चालल्याची) रेघ ठळक, ‘टी’ची (पॉझिटिव्ह असल्याची) इतकी पुसट की ट्यूबलाइटखाली धरून पाहावी लागते. एलायझाच्या प्लेटला 96 खाचा असतात, एकट्या नमुन्यासाठी ती कोण लावणार? नमुने साठेपर्यंत दिवस जातो.

सरकारी नियम असा: पाच दिवसांच्या आत एनएस1 एलायझा, नंतर आयजीएम एलायझा, तेव्हाच रुग्ण ‘निश्चित’. पट्टीवरचा पॉझिटिव्ह फक्त ‘संभाव्य’. बातम्यांमध्ये त्याचं झालं ‘डेंग्यूसदृश’. लक्षणांवरून नुसता संशय असलेलेही त्याच शब्दात बसवले गेले आणि घोळ वाढला.

नियमामागे कारण होतं. आयजीएमची पट्टी जपानी मेंदूज्वरासारख्या भाऊबंद विषाणूंमुळेही फसते, शिवाय आयजीएम दोन-तीन महिने रक्तात रेंगाळतं, म्हणजे जुना डेंग्यू आजच्या तापाच्या नावावर लागू शकतो. एनएस1च्या पट्टीचा दोष मात्र उलटा. ती खोटा पॉझिटिव्ह क्वचितच देते, खरा डेंग्यू मात्र बऱ्याचदा निसटू देते. दोन्ही पट्ट्यांना एकाच ‘संभाव्य’च्या पोत्यात घालणं मला पटत नाही. तिसऱ्या दिवशी एनएस1 पॉझिटिव्ह आलेल्या मुलाच्या आईला ‘सदृश आहे’ सांगितलं की तिला वाटतं, म्हणजे खरा नाही. प्लेटलेट्स बहुतेकदा ताप उतरतानाच घसरतात, आणि नेमकी तेव्हाच ती निर्धास्त झालेली असते.

निगेटिव्ह तर त्याहून फसवा. डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असेल, तर आधीची प्रतिपिंडं एनएस1ला चिकटून बसतात आणि चाचणीला ते दिसतच नाही. गंभीर होण्याचा धोका जास्त तो याच रुग्णांना. किटवर छापलेली अचूकता बहुधा निवडक, आधीच तपासलेल्या नमुन्यांवरची असते. त्यातले किती पहिल्या लागणीचे, किती दुसऱ्या, आणि तापाच्या कितव्या दिवशीचे, हे खोक्यावर कुठे वाचायला मिळतं? लॅबच्या फॉर्मवर ‘ताप कधीपासून’ हा रकाना अनेकदा कोराच राहतो, आणि रिपोर्टवर तर तो नसतोच.