सॅफ नऊ वेळा जिंकली, मग आशियाई चषकात आपण का नाही?

जानेवारी 2027 मध्ये सौदी अरेबियात आशियाई चषक सुरू होईल तेव्हा भारताचा पुरुष फुटबॉल संघ तिथे नसेल. बातमी तशी शिळी झाली. पण पुण्यात फुटबॉलवेडी चार माणसं जमली, एसएसपीएमएसच्या मैदानावर लीगची मॅच बघायला म्हणा की कॅम्पात चहाला म्हणा, की कुणीतरी विचारतंच: "अरे, पण आपण तर चॅम्पियन होतो ना? बेंगळुरूला कुवेतला हरवलं की!" हरवलं, बरोबर आहे. 4 जुलै 2023, कांतीरवा स्टेडियम, 1-1 च्या बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये 5-4. गोलकीपर गुरप्रीतने शेवटची पेनल्टी अडवली आणि आख्खं स्टेडियम उसळलं. फक्त ती सॅफ होती, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा. सौदीत होणार आहे तो आशियाई फुटबॉल महासंघाचा, म्हणजे एएफसीचा आशियाई चषक. (क्रिकेटचा आशिया कप मध्ये आणू नका, आधीच घोळ कमी नाही.)

या घोळाचं मूळ आपल्या शालेय स्पर्धांमध्ये असावं. तालुका जिंकला की जिल्हा, मग विभाग, मग राज्य. त्याच हिशेबाने दक्षिण आशिया जिंकला की पुढची पायरी आशिया, असं आपण गृहीत धरून बसतो. पण इथे ती पायरीच नाही. सॅफच्या विजेत्याला आशियाई चषकात जागा नाही, पात्रता फेरीत सूटही नाही. आशियात पाच विभागीय संघटना आहेत आणि दक्षिण आशियाची सॅफ त्यातली एक. प्रत्येक संघटना आपापली स्पर्धा भरवते, आणि एएफसीच्या पात्रतेच्या कागदावर त्या निकालांना रकाना नाही.

सॅफमध्ये देश सात: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव. अफगाणिस्तान पूर्वी होता, 2013 ला काठमांडूत जिंकलाही, पुढे मध्य आशियाच्या गटात गेला. स्पर्धेची सुरुवात 1993 ची, लाहोरला, सार्क गोल्ड कप या नावाने. ती पहिलीच आपण जिंकली, आणि तेव्हापासून 2023 पर्यंत नऊ वेळा. घरी म्हणाल तर गोवा, दिल्ली, तिरुवनंतपुरम आणि बेंगळुरू. पुण्याला अजून आली नाही.

साधारण दोन वर्षांनी होते असं म्हणायचं, पण सॅफचं वेळापत्रक म्हणजे राम भरोसे. मध्ये तीन वर्षंही जातात. 2025 ला ठरलेली खेप पुढे ढकलून 2026 वर नेली. कुणावर फिफाची बंदी, कुणाच्या व्हिसाची अडचण, दोन देशांमधलं राजकारण तर पाचवीलाच पुजलेलं. 2023 ला पाकिस्तानचा संघ मॉरिशसहून निघाला, व्हिसात अडकला आणि भारताशी सामना होता त्याच दिवशी बेंगळुरूत पोहोचला. त्या सामन्यात कर्णधार सुनील छेत्रीची हॅट्ट्रिक, भारत 4-0. आपले तेव्हाचे कोच स्टिमाच मात्र रेषेबाहेरून समोरच्या खेळाडूच्या हातातला थ्रो-इनचा चेंडू उडवायला गेले आणि लाल कार्ड घेऊन बसले. आशियाई चषकातही कोच चिडतात, पण सॅफला गल्लीतल्या मॅचचा जो वास आहे तो तिथे नाही. मला तो आवडतो, हेही सांगून टाकतो.

आता त्या कुवेतचं. कुवेत दक्षिण आशियात कधी आला? आलाच नाही. श्रीलंकेवर त्या वेळी फिफाची बंदी होती, अफगाणिस्तान गेलेला, म्हणून आठ संघ भरायला कुवेत आणि लेबनॉन यांना पाहुणे म्हणून बोलावलं. कुवेत हा 1980 चा आशियाई विजेता. म्हणजे पाहुणा यजमानांपेक्षा वजनदार. उपांत्य फेरीत आपण लेबनॉनला आणि अंतिम फेरीत कुवेतला हरवलं, दोन्ही शूटआउटवर. दक्षिण आशियाचं अजिंक्यपद मिळवताना शेवटच्या दोन सामन्यांत दक्षिण आशियाचा एकही प्रतिस्पर्धी समोर नव्हता, हे त्या जल्लोषात कुणाच्या लक्षात राहणार!

आशियाई चषक हा एएफसीचा, म्हणजे 47 सदस्य असलेल्या आशियाई महासंघाचा. 1956 पासून चालू, बहुतेकदा चार वर्षांनी, आणि 2019 पासून 24 संघ. भारत आजवर पाचदा खेळला: 1964, 1984, 2011, 2019 आणि 2023 ची ती स्पर्धा जी प्रत्यक्षात 2024 च्या जानेवारीत कतारला झाली. 1964 ला उपविजेते होतो, पण तेव्हा स्पर्धेत चारच संघ होते, हे सांगितलं की अभिमान थोडा जमिनीवर येतो. कतारला ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया या तिघांकडून हरलो आणि गोल शून्य.

2027 ची वाट कशी होती ते नीट बघण्यासारखं आहे, कारण आपण दोनदा दारापर्यंत गेलो. पात्रतेचा पहिला टप्पा विश्वचषकाच्या पात्रता फेरीतच गुंफलेला होता. दुसऱ्या फेरीत चार-चार संघांचे नऊ गट, प्रत्येकातले पहिले दोन थेट सौदीला. आपल्या गटात कतार, कुवेत, अफगाणिस्तान. 11 जून 2024 ला दोह्यात शेवटचा सामना, छांगटेच्या गोलवर आपण 1-0 पुढे. तेवढं टिकलं असतं तर दुसरा नंबर आपला. 73 व्या मिनिटाला कतारने बरोबरीचा गोल केला, आणि रीप्ले कितीही वेळा बघा, चेंडू आधी गोलरेषेबाहेर गेलेला दिसतो आणि मग आत ओढलेला. पंचांनी गोल दिला, त्या फेरीत व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय) नव्हतं, शेवटी 1-2. कुवेतने त्याच दिवशी अफगाणिस्तानला हरवून जागा घेतली. बेंगळुरूत ज्याला हरवून आपण चषक उचलला, तोच पुढे गेला. सॅफचा निकाल इथे कामाला येत असता तर हे झालंच नसतं.

मग दुसरी संधी. उरलेल्या सहा जागांसाठी सहा गट, प्रत्येकातून फक्त पहिला. आपल्याबरोबर हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश. ड्रॉ निघाला तेव्हा "सोपा गट" असं आपणच म्हणत होतो. शिलाँगला बांगलादेशशी 0-0, हाँगकाँगला जाऊन 0-1, सिंगापूरला 1-1. मग 14 ऑक्टोबर 2025 ला मडगावला, पुण्याहून रात्रीच्या गाडीने गाठता येईल अशा ठिकाणी, सिंगापूरने 2-1 हरवलं आणि विषय संपला. वर नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडून 0-1. बांगलादेशने भारताला याआधी हरवलं होतं ते 2003 च्या सॅफच्या उपांत्य फेरीत, तेही ढाक्यालाच.

इथे जुनेजाणते एक मुद्दा काढतात आणि त्यांचं अगदीच चूक नसतं: "2008 ला दिल्लीत एक स्पर्धा जिंकूनच आपण 2011 च्या आशियाई चषकात गेलो होतो." खरं आहे. आंबेडकर स्टेडियमवर ताजिकिस्तानला 4-1, छेत्रीची हॅट्ट्रिक. पण ती सॅफ नव्हे, एएफसी चॅलेंज कप. फुटबॉलमध्ये मागे असलेल्या देशांसाठी एएफसीने स्वतःच तो जिना बांधला होता, आणि 2014 नंतर काढूनही टाकला. बऱ्याच जणांच्या डोक्यात सॅफ आणि चॅलेंज कप एकमेकांत मिसळलेत.

दोन्ही स्पर्धांचं वजन किती वेगळं, हे फिफाच्या क्रमवारीत लख्ख दिसतं. तिथे प्रत्येक सामन्याला एक गुणक असतो. विभागीय स्पर्धेचा सामना मैत्रीपूर्ण सामन्यासारखा धरतात: फिफाच्या ठरलेल्या विंडोत, म्हणजे राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी राखलेल्या दिवसांत, असेल तर 10, बाहेर असेल तर 5. आशियाई चषकाच्या पात्रतेला 25, प्रत्यक्ष स्पर्धेत 35, आणि उपांत्यपूर्व फेरीपासून 40. अगदी तुल्यबळ संघाला हरवलं तर गुणकाच्या निम्मे गुण मिळतात. म्हणजे विंडोबाहेरच्या सॅफमध्ये अडीच आणि आशियाई चषकात साडेसतरा. शूटआउटवर जिंकलात तर त्याहून कमी, कारण तो पूर्ण विजय मानतच नाहीत.

विंडोचा दुसरा परिणाम खेळाडूंवर. आशियाई चषकाला क्लबला खेळाडू सोडावेच लागतात, मग जानेवारीत लीग ऐन रंगात का असेना. सॅफ विंडोबाहेर असली तर क्लब सरळ नाही म्हणू शकतो. म्हणून सॅफला संघ कधी पूर्ण असतो, कधी कोवळा. 2009 ला ढाक्याला आपण 23 वर्षांखालची मुलं पाठवून जिंकलो, 2018 ला तसाच तरुण संघ पाठवला आणि अंतिम सामन्यात मालदीवकडून हरलो. त्यामुळे सॅफच्या निकालावरून भारतीय फुटबॉल वर चाललंय की खाली, हे ठरवणाऱ्यांच्या चर्चेत मी पडत नाही. पात्रता फेरीचं बोला, तिथे लपायला जागा नसते.

महिलांचं गणित थोडं वेगळं, पण जोडी तीच. महिलांची सॅफ 2010 ला सुरू झाली, पहिल्या पाचही भारताने घेतल्या, 2022 आणि 2024 बांगलादेशने. महिलांचा आशियाई चषक मात्र खुद्द आपल्या गावात येऊन गेलाय. 2022 ला मुंबई, नवी मुंबई आणि पुणे मिळून तो झाला आणि चीन-जपान उपांत्य सामना बालेवाडीत. जादा वेळेतही जपान पुढे होता, 119 व्या मिनिटाला वांग शानशानने 2-2 केलं आणि चीन शूटआउटवर जिंकला. भारत यजमान असूनही संघात कोविड पसरल्यामुळे पहिल्या सामन्यानंतरच बाहेर पडला होता. त्याच संघाने जुलै 2025 मध्ये थायलंडला थायलंडमध्येच 2-1 हरवून 2026 च्या स्पर्धेची पात्रता मैदानावर मिळवली, पुरुषांची गाडी रुतलेली असताना.

तेव्हा पुढच्या सॅफचा संघ जाहीर झाला की आधी तारखा फिफाच्या विंडोत बसतात का ते बघा, मग पाहुणा संघ कोण आहे ते. आणि जिंकलो तर जरूर नाचा, फर्ग्युसन रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजवा. फक्त 2031 च्या आशियाई चषकाचं तिकीट त्यात शोधू नका, ते पात्रता फेरीतच मिळेल.