बेळगाव-निपाणीकडं स्वस्त फ्लॅट घेताय? सरकारी पैसा कुठून येतो, कुणाला मिळतो आणि कागद काय लागतात

आपल्याकडं सध्या जो तो म्हणतोय की मोदी आवासचे अडीच लाख मिळतायत, फॉर्म भर. अडीच लाख खरे आहेत, पण फ्लॅट घेताना ते तुमच्या हातात येत नाहीत, आणि अडीच लाखांची योजना वेगळी, गृहकर्जाच्या व्याजावरची सबसिडी वेगळी. दोन्ही एकाच घराला मिळत नाहीत, एकच निवडायची. इथंच निम्म्या लोकांचा घोळ होतोय, म्हणून सविस्तर लिहितोय.

योजनेचं नाव प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0, सप्टेंबर 2024 पासून पाच वर्षांसाठी. शहरी म्हणजे बेळगाव कार्पोरेशन, निपाणी, चिकोडी, खानापूर अशी नगरपालिका-नगरपंचायतीची गावं. खेड्यात घर असेल तर ग्रामीण आवास वेगळी, ती पंचायतीतून. शहराला चिकटलेल्या गावांचं मात्र बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) हद्दीप्रमाणं आधी विचारून घ्या.

आता अपार्टमेंटचा पैसा कसा जमतो ते बघा. सरकारी एजन्सी बिल्डिंग उभी करते तेव्हा जागा बहुतेक सरकारी असते, प्रत्येक गरीब कुटुंबाच्या फ्लॅटमागं केंद्र 1.5 लाख घालतंय, राज्यानं कमीत कमी 1 लाख घालायचे, हेच ते अडीच लाख. ते थेट प्रकल्पाला जातात, म्हणजे फ्लॅटची किंमत तेवढी कमी होते. उरलेलं तुमचा हिस्सा आणि बँकेचं कर्ज. एजन्सीला पैसा कमी पडला तर हुडकोसारख्या सरकारी वित्तसंस्थेकडनं कर्ज घेता येतं, आणि घरकर्ज देणाऱ्या कंपन्यांना नॅशनल हाऊसिंग बँकेकडनं रीफायनान्स, म्हणजे त्यांनी दिलेल्या कर्जांपोटी परत पैसा, मिळतंय. फ्लॅट 30 ते 45 चौरस मीटर कार्पेटचा (भिंतींच्या आतली वापरायची जागा), म्हणजे साधारण 323 ते 484 स्क्वेअर फूट. खासगी बिल्डरचा प्रकल्प राज्य सरकारनं यादीत घेतला असेल तर तिथं खरेदीदाराला सबसिडीच्या रकमेचं व्हाउचर मिळतं. यादीत नाव नसताना बिल्डर 'आवास योजनेत बसतंय' म्हणत असेल तर कागद दाखव म्हणायचं.

पात्रता: घरातलं सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), 3 ते 6 एलआयजी (कमी उत्पन्न), 6 ते 9 एमआयजी (मध्यम उत्पन्न). वरचे अडीच लाख फक्त ईडब्ल्यूएसला. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं यांच्यापैकी कुणाच्याही नावावर भारतात कुठंही पक्कं घर नको, गेल्या 20 वर्षांत कुठल्या सरकारी घरकुल योजनेचा फायदा घेतलेला नको. 'भारतात कुठंही' हे आपल्या सीमाभागात नीट वाचायला पाहिजे. नोकरी उद्यमबागेत, भाड्यानं वडगावात, पण चंदगडला किंवा गडहिंग्लजला बायकोच्या नावावर पक्कं घर, असली कुटुंबं आपल्यात किती आहेत! महाराष्ट्रातलं घर कर्नाटकात कोण बघतोय असं समजू नका, आधार सगळ्यांचं लागतंय आणि खोटं निघालं तर दिलेली सबसिडी परत मागतात.

कागद म्हणाल तर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, आधारशी लिंक असलेलं चालू बँक खातं, महसूल खात्याच्या नाडकचेरीतनं काढलेला उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, आणि पक्कं घर नसल्याचं हमीपत्र. अर्ज ऑनलाइन, योजनेच्या केंद्रीय पोर्टलवर, स्वतः भरता येतो, एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. सगळ्यात जास्त अडतंय ते नावावर. आधारवर मारुती, उत्पन्नाच्या दाखल्यात कन्नडमधनं इंग्रजीत येताना 'टी'पुढं 'एच' घुसलाय, बँकेत वडिलांचं नाव पूर्ण आणि मालमत्तेच्या खाते-उताऱ्यात नुसतं आद्याक्षर. माणूस एकच, कागदांवर तीन. हे आधी आधारप्रमाणं सरळ करून घ्या, मग फॉर्मला हात लावा. आणि घर घरातल्या बाईच्या नावावर किंवा जोडनावावर पाहिजे.

ज्यांचं उत्पन्न 3 लाखांच्या वर आहे त्यांच्यासाठी व्याज सबसिडी. ईडब्ल्यूएसलाही चालते. घराची किंमत 35 लाखांच्या आत, कर्ज 25 लाखांच्या आत, कार्पेट 120 चौरस मीटरपर्यंत. पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के, 12 वर्षांपर्यंत, आणि जास्तीत जास्त 1.80 लाख, पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला 36,000. कर्ज 1 सप्टेंबर 2024 ला किंवा त्यानंतर मंजूर होऊन मिळालेलं पाहिजे. हप्ता सोडताना कर्ज चालू पाहिजे आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी पाहिजे, त्यामुळं जमीन विकून लवकर कर्ज फेडायचा विचार असेल तर आधी हिशेब करा. आणखी एक, आपल्याकडं कर्ज म्हटलं की पाय आधी सोसायटीकडं वळतात, पण क्रेडिट सोसायटीचं कर्ज यात चालत नाही, योजनेत सामील असलेली बँक किंवा हाऊसिंग फायनान्सच पाहिजे.

आता खिशाचं. समजा अनगोळला बांधकाम चालू असलेला 24 लाखांचा फ्लॅट. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक जास्तीत जास्त 90 टक्के देते, म्हणजे 2.40 लाख तुमचे. जीएसटी 1 टक्का, 24,000 (45 लाखांच्या आतलं आणि आपल्यासारख्या गावात 90 चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर). नव्या अपार्टमेंटच्या पहिल्या नोंदणीला 20 ते 45 लाखांत मुद्रांक 3 टक्के, 72,000. नोंदणी फी ऑगस्ट 2025 अखेर 1 वरनं 2 टक्के झालीय, म्हणजे 48,000. झाले 3.84 लाख, त्यावर सेस-सरचार्ज वेगळा, आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. सबसिडीचा पहिला हप्ता यायच्या आधी हे सगळं रोख लागतंय. कम्प्लिशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) झालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही.

बुकिंगच्या आधी कर्नाटक रेराच्या (घरप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर प्रकल्पाचा नंबर तपासा, करार नोंदवायच्या आधी बिल्डर 10 टक्क्यांच्या वर घेऊ शकत नाही. ई-खाता (मालमत्तेचा ऑनलाइन खाते-उतारा) नसेल तर नोंदणीच होत नाही, तो आणि बोजा दाखला (मालमत्तेवर कर्ज-बोजा आहे का ते सांगणारा) दोन्ही मागा.

टॅक्सबद्दल बिल्डर लोक अजून जुनीच टेप वाजवतात. व्याजावरची जादा 1.5 लाखांची सूट 31 मार्च 2022 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जालाच होती. बिल्डरला स्वस्त घरांच्या नफ्यावर जी पूर्ण करमाफी होती तीही त्याच तारखेपर्यंत मंजूर प्रकल्पांना. आज राहत्या घराच्या व्याजावर 2 लाखांपर्यंत सूट आहे, तीही जुनी कर-पद्धत निवडली तरच, आणि नवीन पद्धतीत पगारदाराला 12.75 लाखांपर्यंत तसाही कर नाही, मग 9 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला टॅक्स वाचतोय म्हणून फ्लॅट घ्यायचं कारणच उरत नाही.