ना क्रूस, ना वेदी: न्यू इंग्लंडमधल्या प्युरिटन लोकांची घरं

अमेरिकेतली सतराव्या शतकातली इंग्रजी घरं फोटोत बघितली की वाटतं हे काय, लाकडी फळ्यांचा गोठाच! पण तो साधेपणा नुसता गरिबीतला नव्हता, मुद्दाम धरलेलाही होता. 1630 मध्ये आपला पुढारी जॉन विन्थ्रॉपबरोबर बॉस्टनकडे (अमेरिकेच्या ईशान्येला, म्हणजे न्यू इंग्लंडात) आलेली प्युरिटन, म्हणजे कडक साधेपणाची प्रोटेस्टंट मंडळी इंग्लंडच्या चर्चला वैतागलेली होती, रंगीत काचा, मूर्ती, सजवलेली वेदी ही सगळी त्यांच्या लेखी कॅथलिक थेरं.

म्हणून त्यांनी चर्च नाही, मीटिंग हाऊस बांधलं. चर्च म्हणजे माणसं, इमारत नव्हे, हा त्यांचा हट्ट. बॉस्टनजवळच्या हिंगहम गावचं ‘ओल्ड शिप’ 1681 चं, त्या शतकातलं प्युरिटन मीटिंग हाऊस आता हे एकच उरलंय. आत मान वर केली तर छताचं लाकूडकाम उलटी घातलेली होडी वाटतं. अशा ठिकाणी क्रूस नाही, वेदी नाही, सगळ्यांची नजर जाईल तिथं फक्त पलपिट, म्हणजे प्रवचनाचा उंच ओटा, कारण मुख्य काम प्रवचन ऐकणं, तेही तासन्‌तास आणि हिवाळ्यात शेकोटीशिवाय. आपल्याकडे देऊळ वेगळं, चावडी वेगळी, तसं इथं नव्हतं, गावसभाही तिथंच भरायची. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, आणि कोणी कुठल्या बाकावर बसायचं ते वय, मालमत्ता, मानमरातब बघून ठरायचं. त्यांना यात काही खटकत नसे, विन्थ्रॉपच्या 1630 च्या गाजलेल्या प्रवचनाची सुरुवातच अशी आहे की कोणी श्रीमंत कोणी गरीब ही देवाचीच योजना.

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्याच चर्चच्या लोकांना बॉस्टनमध्ये चर्चसाठी कोणी जागाच विकेना, शेवटी गव्हर्नर अँड्रॉसने दफनभूमीचा कोपरा घेतला, तिथं किंग्ज चॅपल झालं. दक्षिणेकडच्या व्हर्जिनिया वसाहतीत उलटं, तिथं अँग्लिकनच जास्त, त्यामुळे विटांची चर्चं आणि 1665 च्या बेकन्स कॅसलसारखी जमीनदारी घरं.

राहत्या घरांत मात्र धर्मापेक्षा सुताराचा हात जास्त दिसतो. बॉस्टनजवळच्याच डेडहमचं फेअरबँक्स हाऊस साधारण 1640 च्या आसपासचं, मधोमध भलंमोठं धुराडं, छप्पर उभ्या उताराचं. हा उतार इंग्लंडातल्या गवती छपरांची सवय. आगी लागल्यावर 1631 मध्ये बॉस्टनने गवताची छपरं आणि लाकडी धुराडी बंद केली, गवत गेलं पण उतार राहिला.

आणि एक गंमत. अशा जुन्या घरांत धुराड्याजवळ, भिंतीच्या आत लपवलेला जुना झिजलेला बूट सापडतो, बहुतेक वेळा एकच. चेटकिणी आणि वाईट शक्ती आत शिरू नयेत म्हणून ठेवत असावेत असं म्हणतात. आपल्याकडे नव्या बांधकामाला काळी बाहुली किंवा जुनी चप्पल टांगतात ना, तसंच. मूर्ती नको म्हणून समुद्र ओलांडला, पण बूट राहिला भिंतीत.