रिकाम्या खुर्च्या मोजणारी इमारत

ऑफिसातली बरीचशी टेबलं दिवसभर ओस पडलेली असतात, हे भाडं भरणाऱ्यांच्या डोळ्यांना कायमच खुपत आलं आहे. पण नेमकी कोणती टेबलं आणि किती वेळ, हे सांगायचं तर कुणाला तरी वही घेऊन मजल्यामजल्यावर फिरावं लागे. हे काम इमारतीने स्वतःकडे घेतलं ते बऱ्याच उशिरा.

इमारत आधी शिकली ती तापमान ओळखायला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन शिकवत. वर्ग किती तापलाय हे बघायला शिपाई तास चालू असताना आत यायचा, मग तळघरात जाऊन भट्टी कमीजास्त करायचा. या व्यत्ययावर उपाय म्हणून जॉन्सन यांनी विजेचं एक यंत्र बनवलं आणि १८८३ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पुढे शतकभर 'ऑटोमेशन' म्हणजे मुख्यतः हवा, पाणी आणि दिवे. १९८४ च्या सुमाराला अमेरिकेतल्याच हार्टफर्ड शहरातल्या 'सिटी प्लेस' टॉवरला पहिली 'इंटेलिजंट बिल्डिंग' म्हणून मिरवलं गेलं, तेव्हाही तिथे बसणाऱ्या माणसांचा हिशोब त्यात फारसा नव्हता. शिवाय एका कंपनीची यंत्रणा दुसरीशी बोलत नसे. त्यावर उपाय म्हणून 'बॅकनेट' हे सामाईक मानक १९९५ मध्ये आलं.

खुर्चीवरचा हक्क काढून घेण्याची घाई मात्र मोजणी हाती येण्याआधीच झाली. १९९० च्या दशकात लॉस एंजेलिसजवळच्या 'शायट/डे' या जाहिरात कंपनीने कुणालाच स्वतःचं टेबल ठेवलं नाही. सकाळी काउंटरवरून लॅपटॉप आणि फोन घ्यायचा, मिळेल तिथे बसायचं. लोक कागदपत्रं गाडीच्या डिकीत ठेवू लागले, काही जण लवकर येऊन फोन लपवून ठेवू लागले. काही वर्षांतच प्रयोग गुंडाळावा लागला. माझ्या मते चूक कल्पनेत कमी आणि आंधळेपणात जास्त होती: कुठे जागा आहे, हे सांगणारं काहीच हाताशी नव्हतं.

ते डोळे मिळाले ॲमस्टरडॅमच्या 'द एज' या इमारतीला. २०१५ च्या सुमाराला डेलॉइट ही सल्लागार कंपनी तिथे गेली. सुमारे २,५०० कर्मचारी, टेबलं १,००० च्या आसपास आणि सेन्सर जवळजवळ २८,०००. गंमत म्हणजे त्यातले बरेच वेगळे बसवायची गरज पडली नाही. छतातल्या एलईडी दिव्यांना वीज मिळते ती नेटवर्कच्या केबलमधून, आणि बऱ्याच दिव्यांच्या पोटातच हालचाल, उजेड, तापमान टिपणारे सेन्सर आहेत. फोनवरचं ॲप टेबल सुचवतं. माणसं कमी येणार असतील त्या दिवशी एखादा भागच बंद ठेवता येतो, म्हणजे तिथले दिवे, एसी आणि झाडलोट तिन्ही वाचतं.

पण खुर्ची मोजायची म्हटलं की खुर्चीतला माणूसही मोजला जातो. जानेवारी २०१६ मध्ये लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'च्या पत्रकारांना सकाळी आल्यावर टेबलाखाली छोट्या पेट्या चिकटवलेल्या दिसल्या. उष्णता आणि हालचाल टिपून जागेवर कुणी आहे का हे त्या नोंदवत होत्या. ऊर्जाबचतीसाठी हे चाललंय, असं व्यवस्थापनाने सांगितलं. बातमी बाहेर फुटली, पत्रकारांच्या संघटनेने आवाज उठवला आणि पेट्या त्याच दिवशी निघाल्या. जागेवर 'कुणीतरी' आहे इतकंच सांगणारा सेन्सर आणि 'कोण' आहे ते सांगणारा सेन्सर, यातली रेघ त्यानंतर विक्रेतेही आवर्जून दाखवू लागले.

कोरोनानंतर हिंजवडी, ऐरोलीतही ॲपवर सीट बुक करणं अंगवळणी पडलं. मीटिंग रूम बुक करून कुणी फिरकलंच नाही, तर काही मिनिटांत ती आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणा आल्या. एक गोष्ट मात्र सेन्सरच्या आवाक्याबाहेर राहिली. सोमवारी आणि शुक्रवारी मजला सुना आणि मधल्या दिवशी मुंगी शिरायला वाव नाही, असं असेल तर आठवड्याची सरासरी काढून काही उपयोग नाही. खुर्च्या गर्दीच्या दिवसाच्या हिशोबानेच ठेवाव्या लागतात. त्या कमी करायच्या तर कोणत्या टीमने कधी यायचं हे साहेब लोकांनी ठरवायला हवं, आणि बुधवार सोडायला कुणीच तयार नसतं.